मधमाशीचे माप

माझ्या कार्यालयातील टेबलाच्या खणात, एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांमध्ये, मेणाचा एक पातळ पिवळा पत्रा मी जपून ठेवला आहे. त्याच्या दोन्ही अंगांवर यंत्राने षटकोनी ठसे उठवलेले आहेत. दरवर्षी सातवीच्या वर्गात मोजमापाचा पाठ आला, की मी तो बाहेर काढतो, त्याच्या शेजारी सातेरी माशीच्या पोळ्याचा एक वाळका तुकडा ठेवतो आणि मुलांच्या हाती फूटपट्टी देतो. एका ओळीतील दहा घरे मोजावयाची, त्यांची एकूण लांबी घ्यावयाची आणि दहाने भागावयाचे. पोळ्याची दहा घरे ४३ मिलिमीटर भरतात, पत्र्याची ५४. म्हणजे एका घरामागे अंतर अवघे १.१ मिलिमीटर! मुलांना हसू येते. "एवढंच होय, गुरुजी?" असे कोणीतरी विचारतेच. एवढ्याशा अंतराने एका कुटुंबाचे वर्षाचे मधाचे उत्पन्न कसे बुडाले आणि त्याला मी कसा कारण झालो, ते मग मी त्यांना सांगतो. आज तीच हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला सह्याद्रीचे रान आहे. जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांच्या फुलोऱ्यावर मधमाशी जगते आणि तिच्या मधावर काही घरांचा थोडाफार संसार चालतो. आग्या माशी उंच कड्यावर किंवा झाडावर एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. ती पेटीत राहत नाही. पेटीत राहते ती सातेरी. झाडाची ढोली, वारुळ, जुन्या भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. सात पोळी म्हणून सातेरी, अशी नावाची उपपत्ती सांगतात. आमचे कानडी शेजारी तिला 'तुडवे जेनु' म्हणतात.

गोष्ट २०१४ सालची. आमच्या शाळेतील एका मुलाच्या वडिलांकडे सातेरीच्या चार पेट्या होत्या. थोडा भात, थोडा काजू आणि हा मध, एवढ्यावर घर चाले. मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च मधाच्या पैशांतून निघे. रानातील वसाहत आणून पेटीत भरण्याची त्यांची रीत वाडवडिलांपासूनची होती. ढोलीतील पोळे अलगद कापावयाचे, लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधावयाचे. दोन-चार दिवसांत माश्या ते चौकटीला चिकटवून टाकतात आणि सोपट कुरतडून बाहेर फेकतात. पुढची पोळी त्या आपल्या मनाने बांधीत. ती कधी सरळ येत, कधी वाकडी.

मी एम.ए. झालो तो मराठी घेऊन. मधमाशीविषयी माझे ज्ञान दोन-तीन पुस्तिकांपुरते होते. परंतु शिकलेल्या माणसाला पुस्तिकेचेही बळ पुष्कळ वाटते. मेणपत्रा वापरल्याने पोळे सरळ येते, मेण बनवण्याचे माश्यांचे श्रम वाचतात आणि मध वाढतो, असे मी वाचले होते, आणि ते खोटेही नव्हते. मी दूरच्या शहरातील एका विक्रेत्याकडून पत्रे मागवले. माशी कोणती, हे त्याने विचारले नाही; पत्रा कोणत्या माशीचा, हे मीही विचारले नाही. पैसे त्या गृहस्थांनी काजूच्या विक्रीतून दिले. देताना ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, माशीला कशाला शिकवतासा? तिला बांधायला येतंय की." त्यावर मी त्यांना विज्ञानावर एक लहानसे व्याख्यान दिले.

कार्तिकात चारही पेट्यांत पत्रे बसवले. माश्यांनी प्रथम त्यांना तोंडच लावले नाही. मग जागोजागी ते कुरतडले. काही ठिकाणी पत्र्याला आडवी पोळी बांधली, काही ठिकाणी ठशांवरच घरे उभारली. पण ती नरांची. कामकरी माशीसाठी ते माप मोठे होते, म्हणून त्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. चौकटी एकमेकींना अशा जखडल्या, की एक उचलावी तर दुसरीचे पोळे फाटे. राणीची अंडी विखुरली, पिलावा थोडा झाला आणि जांभूळ फुलला तेव्हा मध गोळा करण्यास पेटीत पुरेशा माश्या नव्हत्या. पावसाळ्यात रिकाम्या पत्र्यांना मेणकिडा लागला. श्रावणापर्यंत दोन पेट्या ओस पडल्या, दिवाळीला एकच उरली. सातेरी स्वभावतःच चंचल. उपासमार, कीड किंवा वारंवारचा उपद्रव झाला, की ती घर सोडून जाते. तेव्हा सगळा दोष पत्र्याचाच होता असे मी म्हणत नाही. पण सुरुवात तेथून झाली, हे मी जाणतो.

पत्र्यांची किंमत आणि बुडालेल्या मधाचे पैसे पाकिटात घालून मी त्यांच्या दारी गेलो. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. चहा पाजला आणि म्हणाले, "पैसं ठेवा गुरुजी. पोरास्नी आधी मोजायला शिकवा." फूटपट्टीचा तो पाठ तेव्हापासूनचा.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन जरा नीट केले. मेणपत्रा ही काही वाईट वस्तू नव्हे. पेटी, पत्रा आणि मधयंत्र ही तीन भावंडे एकाच पिढीतली. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ साली एक साधी गोष्ट हेरली : माश्या आपल्या ये-जा करण्यासाठी ठरावीक रुंदीची वाट मोकळी ठेवतात आणि ती मेणाने बुजवीत नाहीत. चौकटींभोवती तेवढी जागा सोडली, की चौकट बाहेर काढता येते. १८५७ साली जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी ठसे उठवलेला मेणपत्रा तयार केला आणि १८६५ साली फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी पोळे न मोडता मध काढण्याचे फिरते यंत्र पुढे आणले. त्यापूर्वी मध काढणे म्हणजे पोळे पिळणे असे. आजचे मधुमक्षिकापालन या तीन शोधांवर उभे आहे.

पत्र्यामागचा हिशोबही खरा आहे. मेण माशीच्या अंगातून येते. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूस चार जोड्या ग्रंथी असतात. तिच्या आयुष्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांतून मेणाच्या बारीक खपल्या निघतात. त्या खपल्या ती पायाने ओढून तोंडाशी नेते, चावून मऊ करते आणि जागेवर लावते. एवढे मेण घडवण्यास त्याच्या वजनाच्या कित्येक पट मध खर्ची पडतो. आयता पत्रा दिला तर त्यातील काही मध वाचतो, हे उघड आहे.

घोटाळा झाला तो मापाचा. हा पत्रा युरोपीय माशीसाठी निघाला. ती माशी आपल्या सातेरीहून अंगाने मोठी. तिची नैसर्गिक घरे साधारण ४.९ ते ५.४ मिलिमीटर रुंद असतात, आणि तीही एकाच पोळ्यात सर्वत्र सारखी नसतात. बाजारच्या पत्र्याचे माप त्यातील मोठ्या टोकाला, ५.४ च्या आसपास, स्थिरावले. त्यालाही इतिहास आहे. बेल्जियममधील उर्स्मार बोदू यांनी १८९० च्या दशकात असा विचार मांडला, की घर मोठे केले तर माशी मोठी होईल, तिची जीभ लांब होईल आणि ती अधिक मध आणील. आपल्याकडे युरोपीय माशी यशस्वीपणे स्थिरावली ती १९६२ साली, हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवान येथे. पुढे तिचा प्रसार झाला आणि पेटी, चौकट, पत्रा हे तिच्या मापाचे सामानही बाजारात सर्वत्र आले. माझ्या हाती पडला तो हाच पत्रा.

बोदूंच्या नेमके उलट मत विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाले, आणि त्याची कथा वाचकांनी अवश्य ऐकावी. तेथील माश्यांना 'व्हरोआ' नावाच्या तांबूस, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या कोळ्याने ग्रासले होते. अमेरिकेत तो १९८७ साली आढळला. माशीची अळी असलेले घर मेणाने बंद होण्यापूर्वी मादी कोळी त्यात शिरते आणि आत आपली प्रजा वाढवते. पंख वेडेवाकडे करणारा विषाणूही ती पसरवते. ॲरिझोनातील काही मधपाळांनी असे प्रतिपादन केले, की मोठी घरे हेच या रोगाचे मूळ. माशीला पुन्हा ४.९ मिलिमीटरची लहान घरे द्या, म्हणजे कोळ्याला आत वाढण्यास जागा व वेळ अपुरा पडेल आणि औषधांची गरज उरणार नाही. हा विचार ऐकताच मनाला पटतो. माणसाने निसर्गाचे माप बिघडवले, ते पूर्ववत केले की सर्व कुशल होईल! पत्र्याने पोळलेल्या मला तर तो फारच गोड वाटला.

परंतु तो प्रयोगाला उतरला नाही. २००९ ते २०११ या काळात फ्लोरिडा, जॉर्जिया व आयर्लंड येथे लहान व मोठ्या घरांच्या वसाहती शेजारी शेजारी ठेवून तुलना झाली. न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली यांनीही ती केली. लहान घरांच्या पोळ्यांत कोळी कमी झाले नाहीत. सीली यांच्या मोजणीत तर असे आढळले, की घरे लहान केली तरी माश्या जवळपास पूर्वीएवढ्याच राहिल्या.

यात आणखी एक मेख आहे. माश्यांना मोकळे सोडले, तर त्या नरांची मोठी घरेही बांधतात. युरोपीय माशीच्या रानातील पोळ्यांत सुमारे सहावा हिस्सा नरांच्या घरांचा आढळला आहे. आणि कोळ्याला नरांचाच पिलावा अधिक प्रिय! म्हणजे पोळे नैसर्गिक झाले एवढ्यानेच कोळी हटेल, असे मुळीच नाही.

मग आपली सातेरी या कोळ्याच्या तोंडी का पडत नाही? तिची घरे जात्याच लहान आहेत, म्हणून काय? तसे नव्हे. हा कोळी मूळचा तिच्याच कुळातला जुना सोबती. १९०४ साली औडेमान्स यांनी त्याला नाव दिले ते जावा बेटावरील सातेरीच्या जातीच्या माशीवर सापडलेल्या नमुन्यावरून. दीर्घ सहवासात माशीने त्याच्याशी वागण्याची रीत बसवली आहे. तिच्याकडे त्याची वाढ मुख्यत्वे नरांच्या पिलाव्यातच होते, आणि माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी टिपतात. संरक्षण फूटपट्टीत मावणारे नाही. ते स्वभावात आहे. शिवाय सातेरीलाही तिचे शत्रू आहेत. १९९१-९२ च्या सुमारास 'थाई सॅकब्रूड' या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील तिच्या वसाहतींचा प्रचंड संहार केला. अळी पिशवीसारखी फुगून घरातच मरते, असा तो रोग. रानातल्या ढोलीतील नैसर्गिक पोळ्यांनाही त्याने सोडले नाही.

या कोळ्याच्या नावाची गंमत सांगून पुढे जातो. 'व्हरोआ' हे नाव प्राचीन रोमन पंडित वारो याच्यावरून ठेवले आहे. इसवी सनापूर्वी ३६ साली लिहिलेल्या शेतीवरील ग्रंथात त्याने पोळ्याची घरे षटकोनीच का, याची चर्चा केली होती. षटकोनाने जागा सर्वांत काटकसरीने विभागली जाते, हा जुना तर्क गणिती थॉमस हेल्स यांनी १९९९ साली सिद्ध केला. दोन हजार वर्षे माणूस ज्याची सिद्धता शोधत होता, ते माश्या ढोलीच्या अंधारात करीतच होत्या.

पोळे बांधताना पाहण्याचा योग मला पुढच्याच वर्षी आला. त्याच गृहस्थांनी रानातून दोन वसाहती आणल्या आणि आम्ही पत्र्याविना पेटी लावण्याचे ठरवले. या वेळी सांगणारे ते आणि ऐकणारा मी. माश्या एकमेकींचे पाय धरून झालरीसारख्या लोंबकळतात आणि त्या जिवंत झालरीच्या आत पोळे वरून खाली उतरत जाते, ओळंबा लावल्यासारखे. कामकरी माश्यांची घरे लहान, नरांची मोठी, वरच्या कडेची मधाची घरे खोल. प्रत्येक घर किंचित वर कललेले, म्हणजे मध सांडू नये. शेजारच्या दोन पोळ्यांच्या मध्यांतील अंतर सातेरीत ३० ते ३२ मिलिमीटर राहते. युरोपीय माशीत ते ३५ च्या आसपास असते. म्हणून केवळ पत्राच नव्हे, चौकटींमधील अंतरही परक्या मापाचे चालत नाही.

ज्यांच्या घरी किंवा गावी सातेरीच्या पेट्या आहेत, त्यांच्यासाठी आम्ही केले ते क्रमाने सांगतो. चौकटीच्या वरच्या पट्टीला खालून, बरोबर मध्यावर, वितळलेल्या शुद्ध मेणाची एक रेघ ओढली. माश्यांना सुरुवातीची खूण एवढी पुरते. पोळी सरळ खाली उतरतात, म्हणून पेटी पाणसळ लावून सपाट ठेवली. रिकामी चौकट दोन सरळ पोळ्यांच्या मध्ये दिली, म्हणजे शेजारणींच्या आधाराने नवे पोळेही सरळ येते. वसाहत वाढीला लागली तेव्हाच ती दिली. पावसाळ्यात नाही, कारण उपाशी माशी मेण कोठून काढणार? बांधकाम वाकडे जाऊ लागले, तर कोवळे असतानाच बोटाने हळूच सरळ केले. नरांची घरे दिसताच कापण्याची घाई केली नाही. नरांवाचून नव्या राणीचे मीलन होणार कसे? आणि जुनी, काळी पडलेली पोळी टप्प्याटप्प्याने काढून टाकली. पिलाव्याच्या कोशांची पुटे आत साचून ती घरे दरवर्षी अरुंद होत जातात.

यातील तोटेही लपवू नयेत. पहिल्या वर्षी मध कमी मिळाला, कारण त्यातील बराचसा मेणात गेला. नवे पोळे फार नाजूक असते. मधयंत्रात जोराने फिरवले तर फाटते. वैशाखात एका पाहुण्यांना कौतुकाने दाखवताना मी एक चौकट आडवी धरली आणि मधाने भरलेले अख्खे पोळे त्यांच्या धोतरावर पडले! पोळे नेहमी उभेच धरावे, हे त्या दिवशी मी शिकलो. उलट लाभ हा, की मेण आपल्याच रानाचे राहिले. विकतच्या मेणात भेसळ असू शकते, मागच्या पोळ्यांवर वापरलेल्या औषधांचा अंश राहू शकतो. ती शंका उरली नाही. तिसऱ्या वर्षी त्यांच्या चारही पेट्या पुन्हा भरल्या. आता त्या त्यांचा मुलगा सांभाळतो.

पत्र्याला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. सातेरीच्या मापाचे पत्रेही तयार होतात, आणि ज्यांना मधयंत्र रोज चालवावयाचे आहे त्यांना त्यांचा उपयोग होतो. मोठ्या घराने मध वाढेल म्हणणारे बोदू, लहान घराने रोग जाईल म्हणणारे ॲरिझोनाचे मधपाळ आणि छापलेल्या पुस्तिकेवर विसंबणारा मी, आम्हा सर्वांची चूक एकाच जातीची होती. आम्हाला एक उत्तर आवडले आणि समोरच्या माशीने ते मान्य केले की नाही, हे आम्ही उशिरा पाहिले. ॲरिझोनाच्या मधपाळांचे मत निदान कोणीतरी मोजून तपासले. माझे तपासण्यास चार पेट्या खर्ची पडल्या, आणि त्या माझ्या नव्हत्या.

तेव्हा ज्यांच्या घरी पेट्या असतील, त्यांना एवढेच सांगावयाचे, की पाऊस सरला, वसाहती वाढीला लागल्या आणि पत्रे मागवण्याचा विचार मनात आला, म्हणजे प्रथम आपल्याच पेटीतील पोळ्याचा एक तुकडा घ्यावा. कामकरी माश्यांची सलग दहा घरे मोजावीत, तीही पोळ्याच्या मधल्या भागात आणि तीन ठिकाणी. तो आकडा कागदावर लिहून विक्रेत्याला कळवावा आणि पत्रा आल्यावर त्याचीही दहा घरे मोजून पाहावीत. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर पत्रा परत करावा आणि चौकटीला मेणाची रेघ ओढून बाकीचे माशीवर सोपवावे. फूटपट्टी घरात नसेल, तर मुलांच्या दप्तरात नक्की सापडेल.